कुटुंबासह इंकांच्या देशात: कुस्को, उरुबाम्बाचं खोरं, माचू पिचू आणि तिथलं जेवण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पेरूला जायचं ठरवणारी मराठी कुटुंबं आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आम्ही तीन पिढ्या मिळून गेलो होतो: सासूबाई पूर्ण शाकाहारी, मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा आणि आम्ही दोघं. त्यामुळे उत्तरं गिर्यारोहकांपेक्षा घरातल्या माणसांच्या उपयोगाची आहेत. बहुतेक जण माचू पिचूचा, म्हणजे डोंगरावरच्या इंका शहराच्या अवशेषांचा, फोटो डोळ्यांपुढे ठेवून निघतात आणि जेवणाचा विचार नंतर करतात. आमचा आग्रह असा, की या दोन गोष्टी वेगळ्या काढू नका. इंकांनी डोंगर कोरले ते पिकांसाठी, आणि त्यातली बरीचशी पिकं आजही तिथल्या ताटात येतात.

इंका म्हणजे नेमके कोण? हे अवशेष किती जुने आहेत?

आपण समजतो तितके जुने नाहीत. कुस्कोच्या खोऱ्यातल्या एका छोट्या राज्याचं साम्राज्य झालं ते पाचाकुती या राजाच्या काळात. तो १४३८च्या सुमारास गादीवर आला असं मानतात. माचू पिचू त्याच्याच काळातलं. म्हणजे इकडे बहमनी सुलतानांचं राज्य होतं, तो काळ. वेरूळचं कैलास लेणं त्याच्याही सुमारे सातशे वर्षं आधीचं. मुलांना हे आधीच सांगून ठेवलं तर तिथे गेल्यावर खरं आश्चर्य कशाचं करायचं ते कळतं. जेमतेम शंभर वर्षांत या लोकांनी आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत राज्य पसरवलं, हजारो किलोमीटरचे रस्ते बांधले. लोखंड नव्हतं, घोडा नव्हता, वाहतुकीला चाक नव्हतं. लिपीही नव्हती. हिशेब ठेवायचे ते किपू नावाच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांवर.

१५३२मध्ये स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिझारोने काहामार्का इथे अताहुआल्पा राजाला कैद केलं आणि पुढच्या वर्षी स्पॅनिश फौज कुस्कोत शिरली. शेवटचा इंका राजा तुपाक आमारू याला १५७२मध्ये कुस्कोच्या चौकात मारण्यात आलं. राज्य संपलं, माणसं संपली नाहीत. त्यांची केचुआ भाषा आजही बाजारात, एसटीसारख्या गच्च भरलेल्या छोट्या गाड्यांमध्ये, शेतात कानावर पडते. ‘सुल्पायकी’ म्हणजे आभारी आहे, एवढं शिकून जा. भाजीवाल्या आजीबाईंचा चेहरा खुलतो.

कुस्कोला उतरल्यावर आधी काय करायचं?

कुस्कोतून खाली उतरायचं. हा सल्ला आम्ही सगळ्यांना देतो. कुस्को सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या दुपटीहून जास्त. राजधानी लिमा समुद्राकाठी. तिथून विमान तास-सव्वा तासात तुम्हाला थेट या उंचीवर आणून सोडतं, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून विमानतळावरूनच गाडी करून उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात जावं. यालाच पवित्र खोरं म्हणतात. उरुबाम्बा किंवा ओयांतायताम्बो ही गावं २८०० मीटरच्या आसपास आहेत. पहिल्या रात्री चांगली झोप लागते की नाही, यावर पुढची सहल बरीच अवलंबून असते. खोऱ्यातले अवशेष आधी, मग माचू पिचू (ते तर २४३० मीटरच आहे) आणि कुस्को शेवटी, असा क्रम ठेवा.

मुलांना आणि वयस्कर माणसांना उंची झेपते का?

बहुतेकांना झेपते, पण कोणाला त्रास होईल हे वयावरून किंवा तब्येतीवरून ओळखता येत नाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, दम लागणं, ही लक्षणं. स्थानिक लोक याला ‘सोरोचे’ म्हणतात. पहिले दोन दिवस हळू चाला, हलकं खा, पाणी पीत राहा, आणि जड सामान उचलू नका. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध काही डॉक्टर देतात. ते घ्यायचं की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांनाच विचारा, विशेषतः घरात रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल तर. विश्रांती घेऊनही त्रास वाढतच असेल, बोलणं किंवा चालणं अडखळत असेल, तर थांबू नका. खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

हॉटेलात शिरल्यावर कोकाच्या पानांचा चहा पुढे येतो. तो तिथे कायदेशीर आहे आणि घरोघरी पितात. आमच्याकडे मोठ्यांनी घेतला, मुलांना पुदिन्यासारख्या ‘मुन्या’ या डोंगरी वनस्पतीचा काढा दिला. तो पोटालाही बरा आणि चवीलाही.

खोऱ्यात एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर कुठलं?

ओयांतायताम्बो, आणि तेही मुक्काम करून. बहुतेक लोक इथे फक्त माचू पिचूची ट्रेन पकडायला येतात, हे फार वाईट वाटतं. हे इंकांनी आखलेलं गाव आहे आणि लोक अजून त्यातच राहतात. अरुंद दगडी गल्ल्या, गल्लीच्या कडेने खळाळणारे पाण्याचे पाट, इंका काळातल्या दगडी जोत्यांवर उभी असलेली घरं. सकाळी सहलीच्या बसगाड्या येण्याआधी फिरलात तर शाळेला निघालेली मुलं आणि गवताचे भारे घेऊन चाललेली माणसं दिसतात.

गावावरच्या डोंगरात उंच पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यांच्या माथ्यावर अपुरं राहिलेलं देऊळ आहे. तिथे गुलाबी छटेच्या सहा प्रचंड शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्यांची खाण नदीच्या पलीकडे, समोरच्या डोंगरात उंचावर आहे. म्हणजे शिळा उतारावरून खाली आणायच्या, नदी ओलांडायची आणि पुन्हा वर चढवायच्या, सगळं माणसांच्या ताकदीवर. वाटेत सोडून दिलेल्या शिळा अजून पडलेल्या आहेत. ‘थकलेले दगड’ म्हणतात त्यांना. १५३६-३७च्या स्पॅनिशांविरुद्धच्या उठावात मान्को इंका या राजाने याच जागी स्पॅनिश घोडदळाला मागे रेटलं. त्याने पाट फोडून खालचं मैदान पाण्याखाली घातलं आणि घोडे चिखलात अडकले. शेतीचं पाणी युद्धाला वापरलं ते असं.

आता मागे वळून समोरच्या पिंकुयुना डोंगराकडे बघा. तिकडे जायला तिकीट लागत नाही, पण चढ दमछाक करणारा आहे. कड्याला चिकटून ज्या लांबट इमारती दिसतात ती धान्याची कोठारं. एवढ्या उंचावर का? तिथे वारा सतत वाहतो, हवा थंड आणि कोरडी असते, मका आणि बटाटा टिकतो. अशी कोठारं साम्राज्यात रस्तोरस्ती होती. दुष्काळ पडला, फौज निघाली किंवा एखादं मोठं बांधकाम काढलं, की त्यातूनच माणसांच्या पोटाची सोय व्हायची. भिंतीतले अखंड सांधे बघून सगळे थक्क होतात, पण ते बांधणाऱ्या हजारो माणसांना रोज जेवू कोण घालत होतं, हा प्रश्न मुलीने विचारला. त्याचं उत्तर समोरच्या डोंगरावर होतं.

मोराय आणि मारास एका दिवसात होतात का?

आरामात, एक गाडी ठरवली की अर्ध्या दिवसात. मोराय इथे जमिनीत एकात एक गोल पायऱ्या उतरत गेल्या आहेत. वरच्या आणि तळाच्या पायरीच्या तापमानात चांगलाच फरक पडतो. म्हणून वेगवेगळ्या उंचीवरची पिकं इथे लावून बघत असावेत, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. मारासला खारट झऱ्याचं पाणी उतारावरच्या हजारो छोट्या वाफ्यांत खेळवून मीठ काढतात. ही मिठागरं इंकांच्याही आधीपासूनची. वाफे गावातल्या कुटुंबांच्या मालकीचे आहेत आणि आजही चालू आहेत. इथलं तिकीट वेगळं लागतं.

कुस्को शहरात काय चुकवू नये?

कोरिकांचा. हे इंकांचं सूर्यमंदिर. स्पॅनिश लोकांनी सोन्याचे पत्रे उतरवून वितळवले आणि त्याच भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १९५०च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, खालच्या इंका भिंती उभ्या राहिल्या. त्या किंचित आत कललेल्या, दारं-कोनाडे वर निमुळते, दगडात चुना नाही. धक्का बसला की दगड हलतात आणि परत जागेवर बसतात. मुलांना भिंतीच्या कडेला डोळा लावून तिचा कल बघायला सांगा.

हातून रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड पाच मिनिटांचं काम आहे. हात लावू नका. शहराच्या डोक्यावरचं साक्सायवामान मात्र निवांत बघा. तिथल्या नागमोडी तटातले सगळ्यात मोठे दगड शंभर टनांच्या पुढचे आहेत. आपण जे बघतो ते उरलंसुरलं. स्पॅनिश लोकांनी पुढे इथले दगड काढून नेऊन शहरातली घरं आणि चर्च बांधली. दर वर्षी २४ जूनला इथे इंती राय्मी हा सूर्याचा उत्सव होतो. त्या दिवसांत जाणार असाल तर हॉटेल फार आधी घ्या.

साक्सायवामान, पिसाक, ओयांतायताम्बो, मोराय, चिंचेरो अशा ठिकाणांसाठी एक सामायिक पर्यटन तिकीट मिळतं. संपूर्ण तिकीट दहा दिवस चालतं. कोरिकांचा आणि माचू पिचू त्यात येत नाहीत.

माचू पिचूचं तिकीट आणि प्रवास कसा जमवायचा?

सगळ्यात आधी हे तिकीट घ्या, मग बाकीच्या तारखा त्याभोवती बसवा. तिकिटावर नाव, पासपोर्ट क्रमांक, आत शिरायची वेळ आणि ठरलेला मार्ग असतो. मूळ पासपोर्ट बरोबर लागतोच. मार्ग तीन प्रकारचे आहेत. पहिला वरच्या टप्प्यांचा, मुख्यतः दृश्यासाठी. दुसरा वरून सुरू होऊन शहरात उतरणारा. तिसरा खालच्या भागाचा, चढ कमी असलेला. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने दुसऱ्यासाठी प्रयत्न करावा. गुडघे दुखत असतील तर तिसरा घ्या. त्यात माचू पिचूचं स्वतःचं सूर्यमंदिर जवळून दिसतं.

माचू पिचूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावाला बाहेरून येणारा मोटाररस्ता नाही. ओयांतायताम्बोहून ट्रेनने दोन तासांच्या आत पोचता, पुढे बस अर्धा तास वळणं घेत वर नेते. त्या गावात एक रात्र राहून सकाळची वेळ घ्यावी. मोठ्या बॅगा मागच्या हॉटेलात ठेवा, ट्रेनमध्ये आणि वर दोन्हीकडे सामानावर मर्यादा आहे. आत स्वच्छतागृह नाही आणि एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत येता येत नाही. लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असताना ही गोष्ट आधीच लक्षात घ्या. ज्येष्ठांना काठी चालते, पण तिच्या टोकाला रबर हवं.

तिथे गाईड घ्यावा का?

घ्यावा, आणि त्याला पाण्याबद्दल विचारावं. अमेरिकी अभ्यासक हायराम बिंगहॅम १९११मध्ये इथे पोचला आणि जगाला ही जागा कळली, ही गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो. तेव्हा इथे शेतकरी कुटुंबं राहत होती आणि या पायऱ्यांवर पिकं काढत होती, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत. जोराचा पाऊस पडणाऱ्या, भूकंपाच्या पट्ट्यातल्या अरुंद खिंडीवर हे गाव जवळजवळ सहा शतकं टिकलं, कारण निम्म्याहून जास्त काम जमिनीखाली आहे. शेताच्या प्रत्येक पायरीत तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू आणि वर माती असे थर आहेत. पाणी मुरतं, साठत नाही, म्हणून भिंत फुगत नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने आणून सोळा कारंज्यांतून एकाखाली एक सोडलं आहे. पहिलं कारंजं राजाच्या निवासाजवळ. स्वच्छ पाणी आधी कोणाला मिळायचं, हे त्यावरून कळतं.

तिथलं जेवण आपल्याला आवडतं का?

आवडतं, आणि ओळखीचंही वाटतं. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, यातली एकही गोष्ट मुळात आपल्याकडची नाही. सगळ्या अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आल्या, बटाटा तर थेट या अँडीज पर्वतातून. बाजारात ‘किविचा’च्या फुलवलेल्या दाण्यांची वडी मिळते. किविचा आणि आपला राजगिरा एकाच कुळातले. सासूबाईंनी एकादशीला तीच वडी खाल्ली.

बटाट्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. अँडीजमध्ये बटाट्याचे हजारो वाण आहेत. लिमात १९७१पासून आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्र आहे आणि पिसाकच्या वरच्या केचुआ वस्त्या मिळून हजाराहून जास्त वाण आपल्या शेतात राखतात. जांभळे, लाल, वेडेवाकडे, आतून पिवळेधमक. त्यातला ‘चुन्यो’ जरूर खा. कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, दिवसा उन्हात पायाने तुडवून पाणी काढतात, असं काही दिवस केलं की खडखडीत वाळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. ओयांतायताम्बोच्या त्या कोठारांत जे साठवायचे त्यात हाच चुन्यो असे. रश्शात शिजवला की थोडा भुसभुशीत, मातकट चवीचा लागतो. पहिल्या घासाला आवडेलच असं नाही, तरी सोडू नका.

पाचामांका आधी सांगून ठेवावी लागते. जमिनीत खड्डा, त्यात तापवलेले दगड, त्यावर मांस, बटाटे, रताळी, मक्याची कणसं, वाटाण्याच्या कुळातल्या मोठ्या शेंगा आणि सुवासिक पाला, वरून मातीने बंद. आपल्या रायगडातल्या पोपटीचं हे थोरलं भावंडच. उघडताना सगळं कुटुंब भोवती हवं. खोऱ्यात काही गावं पाहुण्यांसाठी ती करतात.

रोजच्या जेवणाला दुपारचं ‘मेनू देल दिया’ विचारा. सूप, मुख्य पदार्थ आणि पेय मिळून स्वस्तात होतं आणि स्थानिक माणसंही तेच जेवतात. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात सूपवाल्या मावश्यांच्या बाकावर बसून चिकनचं सूप प्यायलात तर थंडी पळते. रस्त्यावर भलामोठा दाणा असलेलं उकडलेलं मक्याचं कणीस आणि चीजचा तुकडा मिळतो. हा पांढरा मका उरुबाम्बाच्या खोऱ्याचा खास. फळांत चिरिमोया सोडू नका, तो सीताफळाच्याच कुळातला, पण बिया कमी आणि गर जास्त. नळाचं पाणी मात्र पिऊ नका.

पूर्ण शाकाहारी माणसाचं कसं होतं?

नीट होतं, पण नेमकं विचारावं लागतं. ‘सिन कार्ने’ म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, कारण तिथे ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गोमांस समजतात. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं पूर्ण म्हणा: मांस, कोंबडी, मासा काहीच नको. सूपचं पाणी मांसाचं आहे का हेही विचारा. किनुआ या तिथल्या धान्याचं सूपसुद्धा पुष्कळदा त्यातच करतात.

हमखास चालणारे पदार्थ: पिवळ्या मिरचीच्या आणि चीजच्या दाट चटणीतले बटाटे (पापा आ ला वांकाइना, वर उकडलेलं अंडं असतं, ते काढायला सांगता येतं), मका आणि चीज, भाज्या घातलेला किनुआ, भोपळा-रताळ्याच्या पिठाचे तळलेले गोड पिकारोनेस, जांभळ्या मक्याचं दालचिनी-लवंग घातलेलं चिचा मोरादा हे सरबत. मुलं अडून बसली तर ‘चिफा’ शोधा. १८४९पासून आलेल्या चिनी मजुरांमुळे पेरूत चिनी-पेरूवी जेवणाची स्वतःची परंपरा आहे आणि तिथला परतलेला भात मुलं तक्रार न करता खातात.

‘कुय’ खायचा का? मुलांना काय सांगायचं?

कुय म्हणजे गिनीपिग. अँडीजमध्ये तो हजारो वर्षं घराच्या स्वयंपाकघरात पाळतात आणि सणासमारंभाला खातात. कुस्कोच्या कॅथीड्रलमध्ये मार्कोस सापाताने रंगवलेल्या येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात ताटात कुयच असल्याचं सांगतात. खायचा की नाही हे तुमच्यावर. पण समोर आला की नाक मुरडू नका आणि मुलांनाही मुरडू देऊ नका. ज्यांनी तो मांडला त्यांच्यासाठी ते मानाचं ताट आहे. आमच्या मुलाने खाल्ला नाही, पण पाळायचं कसं हे घरच्या आजींना विचारून घेतलं, आणि त्यांनी त्याला पिल्लं दाखवली.

दाराबाहेर काठीला लाल पिशवी बांधलेली असते ती कशाची?

आत ताजी चिचा दे होरा आहे याची खूण. मोड आणलेल्या मक्याची ही आंबट, सौम्य दारू इंका काळापासून चालत आली आहे. पिण्याआधी थोडी जमिनीवर सांडतात, ती पाचामामासाठी, म्हणजे भूमातेसाठी. मोठ्यांनी एक पेला जरूर घ्यावा, पोट नाजूक असेल तर घोटभर.

कधी जावं?

मे ते सप्टेंबर कोरडा काळ. दिवसा कडक ऊन, रात्री चांगलीच थंडी. आपल्या उन्हाळी सुटीचा मे महिना उत्तम. नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. माचू पिचूला चालत नेणारी चार दिवसांची इंका पायवाट फेब्रुवारीत बंद असते.

व्हिसा आणि लसीचं काय?

भारतीय पासपोर्टला पेरूचा व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध व्हिसा किंवा तिथला रहिवासी परवाना असलेल्यांना २०१७पासून सूट आहे. तरी निघण्याआधी दूतावासाकडून खात्री करा. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जाणार असाल तर विमान बदलण्यापुरताही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

पिवळ्या तापाची लस विसरू नका. पेरूहून भारतात परतताना तिचा दाखला मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी लागते. साठीपुढच्या माणसांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

येताना काय आणावं?

मारासचं गुलाबी मीठ, पॅकबंद चॉकलेट आणि चिंचेरोच्या विणकर बायकांकडून एखादी शाल. तिथे लोकर धुण्यापासून ते निवडुंगावरच्या किड्यांपासून लाल रंग काढण्यापर्यंत सगळं समोर दाखवतात. घासाघीस जपून करा, एका शालीला आठवडे लागतात. कोकाची पानं किंवा त्याच्या चहाच्या पुड्या अजिबात आणू नका, भारतात आणि वाटेतल्या बहुतेक देशांत ते गुन्ह्यात मोडतं. बटाटे, मक्याची कणसं आणि बियाणंही नको. वनस्पतींच्या रोगांमुळे परवान्याशिवाय ती आणायला बंदी आहे, आणि विमानतळावर ती काढून घेतात.